वाचकांचे प्रश्न : शाळेचं शेवटचं वर्ष

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं शाळेच्या शेवटच्या वर्षाबद्दल आहेत. दोन अमेरिकेतल्या जुन्या हायस्कूलविषयी, दोन आपल्या गोव्यातल्या शाळांविषयी. ती एकत्र घेतली आहेत, कारण तिसऱ्या पत्राचं अर्धं उत्तर दुसऱ्यात सापडतं.

प्रश्न : आमचं नाट्यमंडळ यंदा स्पर्धेसाठी नवी संहिता बसवत आहे. कथानक १९५७-५८ सालच्या अमेरिकेतल्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये, शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींमध्ये घडतं. दुसऱ्या अंकाचा शेवट बोर्डाच्या निकालावर होतो. नेपथ्य, कपडे, वातावरण यांत काय सांभाळावं? (एक दिग्दर्शक, फोंडा)

उत्तर : आधी दुसऱ्या अंकाचा शेवट बदलून घ्या. अमेरिकेत आपल्यासारखी एका दिवशी निकाल लागणारी शालान्त परीक्षा तेव्हा नव्हती. न्यूयॉर्क राज्याच्या रीजंट्स परीक्षा हा ठळक अपवाद, पण तुमचं गाव तिथलं नसावं. नववी ते बारावी या चार वर्षांत विद्यार्थी ‘युनिटं’ जमवत. एक विषय रोज एक तास असा वर्षभर शिकला की एक युनिट. साधारण सोळा युनिटं झाली आणि त्यांत इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास असे सक्तीचे विषय आले की शाळा पूर्ण. कोण सुटणार आणि कोण अडकणार हे मे महिन्यापर्यंत बहुतेकांना ठाऊक असे. वर्तमानपत्रात नंबर शोधणं नाही, पेढे नाहीत. त्या वर्षाचा ताण असे तो पुढचा : कॉलेज, गॅरेजमधली नोकरी, लगेच लग्न, की सैन्य. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलाला सक्तीच्या सैन्यभरतीसाठी नाव नोंदवावं लागे. निकालाच्या जागी ते नोंदणीचं कार्ड हातात घेतलेला मुलगा उभा केलात तर अंक पडणार नाही, उलट चढेल.

नेपथ्यात वर्गापेक्षा व्हरांड्याला जागा द्या. आपल्याकडे मुलं एका वर्गात बसतात आणि शिक्षक बदलतात. तिथे शिक्षक आपल्या खोलीत असतात आणि मुलं दर तासाला खोली बदलतात. सकाळी दहा-पंधरा मिनिटं ‘होमरूम’मध्ये हजेरी, सूचना आणि ध्वजाची प्रतिज्ञा होई. (प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख जून १९५४ मध्ये आला, म्हणजे तुमच्या पात्रांना तो पाठ हवा.) मग दिवसभर घंटा झाली की चार-पाच मिनिटांत पुढच्या खोलीत. भेटीगाठी, भांडणं, चिठ्ठ्या हे सगळं त्या चार-पाच मिनिटांत, लॉकरच्या रांगेसमोर होई. म्हणून लॉकर हेच तुमचं मुख्य नेपथ्य. एका दाराची रुंदी बारा इंच, उंची पाच ते सहा फूट, वर आणि खाली हवेसाठी तीन-तीन आडव्या फटी, रंग करडा किंवा मळकट हिरवा. दहा दारांची रांग प्लायवूडवर रंगवा आणि दोनच दारं खरी उघडणारी करा. बिजागऱ्या आतून बसवा, नाहीतर ते स्वयंपाकघरातलं कपाट वाटेल.

लॉकरचं कुलूप किल्लीचं नाही, आकड्यांच्या तबकडीचं. इथे नट हमखास चुकतात. तबकडी आधी उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या दिशेने, दोन-तीन पूर्ण फेरे फिरवून पहिल्या आकड्यावर थांबवायची. मग डावीकडे फिरवताना दुसऱ्या आकड्यावर पहिल्यांदा न थांबता एक पूर्ण फेरा जास्त घ्यायचा आणि दुसऱ्या खेपेला थांबायचं. मग पुन्हा उजवीकडे, थेट तिसऱ्या आकड्यावर, आणि कुलूप खाली ओढायचं. मधला जास्तीचा फेरा राहिला तर कुलूप उघडत नाही. घाईत असलेलं पात्र नेमकं तिथेच चुकतं, असं दाखवता येईल. पाठीमागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही हाताची उजवी-डावी-उजवी हालचाल कळते.

कपड्यांत चित्रपटांच्या पोस्टरवर विसंबू नका. चामड्याचं जॅकेट आणि जीन्स घालून वर्गात बसलेला मुलगा पुष्कळ शाळांनी घरी पाठवला असता. साधी पॅन्ट, बटणांचा शर्ट, पट्टा, आखूड केस हा मुलांचा रोजचा वेश. मुलींना शाळेत पॅन्ट चालत नसे. पोटरीच्या मध्यापर्यंतचा घेरदार स्कर्ट, ब्लाऊज किंवा स्वेटर, घोट्याशी दुमडलेले पांढरे मोजे आणि काळे-पांढरे बूट. फेल्टचा गोल स्कर्ट एका नाचापुरता ठेवा. आपल्या हवेत फेल्ट अंगावर असह्य होतं आणि घामाने लोंबतं. जाड सुती कापडाला कडक खळ घालून आत दोन झालरींचा परकर दिलात तर तोच घेर मिळेल. खेळाडूच्या स्वेटरवरचं मोठं अक्षर हे शाळेच्या नावाचं आद्याक्षर असतं, मुलाच्या नावाचं नव्हे. बाहीवरचे पट्टे म्हणजे किती वर्षं संघात होता ते. हे स्वेटर मैत्रिणीला घालायला देणं म्हणजे जमलं आहे हे गावाला सांगणं. शाळेचं नाव आणि वर्ष कोरलेल्या वर्गाच्या अंगठीचंही तसंच. ती तिच्या बोटात सैल होते, म्हणून आतून लोकर गुंडाळून किंवा साखळीत ओवून गळ्यात घातलेली दाखवा.

जेवणाचा प्रसंग असेल तर खणांचं ताट आणि दूध विसरू नका. १९४६ च्या शालेय भोजन कायद्यानंतर सरकारी मदत घेणाऱ्या शाळेतल्या पूर्ण जेवणाचं माप ठरलेलं होतं : दोन औंस मांस, मासे किंवा चीज (नाहीतर एक अंडं), पाऊण कप भाज्या-फळं, पाव, दोन चमचे लोणी आणि अर्धा पाइंट दूध, म्हणजे पाव लिटरला थोडं कमी. प्रश्नपत्रिका दाखवायची तर अक्षर जांभळं असू द्या. स्पिरिटवर चालणाऱ्या डुप्लिकेटरची ती खूण. कागद हातात पडल्याबरोबर मुलं तो नाकाला लावत, कारण ताज्या प्रतीला स्पिरिटचा वास येई. हा अभिनय फुकट मिळतो, तो सोडू नका.

वर्षाचा क्रम असा धरा. शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू. शरद ऋतूत ‘होमकमिंग’ : फुटबॉलचा सामना (त्यांचा लंबगोल चेंडूचा), माजी विद्यार्थी गावात, राणीची निवड. हिवाळ्यात व्यायामशाळेत नाच. लाकडी जमिनीचं पॉलिश खराब होऊ नये म्हणून बूट काढून मोज्यांवर. मेच्या सुमारास ‘प्रॉम’, म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा नाच, जो बऱ्याच ठिकाणी अकरावीचा वर्ग बारावीला देत असे. व्यायामशाळाच क्रेप कागदाच्या पट्ट्यांनी सजवत, हॉटेल नव्हे. मुलगा मुलीला फुलांचा छोटा गुच्छ आणतो. त्यासाठी गार्डेनिया, म्हणजे आपला अनंत, फार चाले. पण अनंताची पाकळी बोट लागलं की तपकिरी पडते. पावसाळ्यात प्रयोग असला आणि घरचा अनंत फुललेला असला तरी रंगमंचावर कापडी फूलच वापरा. मेअखेर किंवा जूनमध्ये शाळेचं पदवीदान : झगा, चौकोनी टोपी, प्रवेशाला संगीतकार एल्गर याचं १९०१ सालचं ‘पॉम्प अँड सर्कम्स्टन्स’ हे संचलनसंगीत. ते इंग्लंडचं, १९०५ मध्ये येल विद्यापीठाने एल्गरला मानद पदवी दिली त्या समारंभात वाजलं आणि पुढे अमेरिकेत रुळलं. प्रमाणपत्र मिळाल्यावर टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे न्यायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संहितेत गाव कुठल्या राज्यातलं आहे ते ठरवा. शाळांतली वर्णभेदाची विभागणी घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला, तरी दक्षिणेतल्या बहुतेक शाळा १९५७ मध्येही गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. तुमच्या नाटकाचं वर्ष हेच लिटल रॉकचं वर्ष. आर्कान्सॉच्या त्या शहरातल्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या विद्यार्थ्यांना आत घेण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावं लागलं. त्या नवांतला बारावीतला एकटा अर्नेस्ट ग्रीन मे १९५८ मध्ये त्या शाळेतून पदवी घेणारा पहिला काळा विद्यार्थी ठरला. पुढच्या वर्षी शहरातली सरकारी हायस्कूलंच बंद ठेवली गेली. त्यामुळे दक्षिणेतल्या गावात सगळे मिळून प्रॉमला नाचताहेत असं दाखवलं तर ते खोटं होईल. नुसता रंगीत स्कर्टांचा काळ म्हणून नाटक बसवू नका. ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकांवर अचानक सगळ्यांची नजर वळली, हेही त्याच वर्षातलं. एका शिक्षकाच्या पात्राला त्यातून पूर्ण प्रवेश मिळू शकतो.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलीने जुन्या वस्तूंच्या बाजारातून १९५४ सालचं एका हायस्कूलचं इयरबुक (शाळेचं वार्षिक स्मरणपुस्तक) आणलं. प्रत्येक नावापुढे संस्थांची नावं आणि १, २, ३, ४ असे आकडे आहेत. सगळ्या मुली एकसारख्या काळ्या पोशाखात कशा? मागे मृत्युपत्रासारखं काहीतरी छापलं आहे. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आकडे हायस्कूलच्या वर्षांचे आहेत : १ म्हणजे नववी, ४ म्हणजे बारावी. ‘ग्ली क्लब २, ३, ४’ याचा अर्थ ती मुलगी दहावीपासून शेवटपर्यंत शाळेच्या गायनवृंदात होती. तीन वर्षांच्या हायस्कूलमध्ये १ म्हणजे दहावी. पुस्तकात नववीचा वर्ग दिसतो का ते आधी पाहा. एफ. एफ. ए. ही शेतकरी होऊ पाहणाऱ्या मुलांची संघटना, एफ. एच. ए. गृहविज्ञानाच्या मुलींची, एन. एच. एस. ही गुणवंतांची सोसायटी. पानोपानी एफ. एफ. ए. दिसत असेल तर शाळा शेतीच्या भागातली आहे हे सांगायला नकाशा लागत नाही.

काळा पोशाख बहुधा पोशाख नाहीच. छायाचित्रकार स्टुडिओत एक काळं मखमली कापड ठेवी आणि ते प्रत्येक मुलीच्या खांद्याभोवती लपेटून मागे चाप लावी. गरीब-श्रीमंत सगळ्या सारख्या दिसत आणि सगळ्या चेहऱ्यांवर उजेडही सारखा पडे. मुलांसाठी कोट-टाय.

मृत्युपत्र म्हणजे ‘क्लास विल’. जाणारा वर्ग आपल्या खोड्या आणि लकबी धाकट्या वर्गाच्या नावाने करून जातो. शेजारी ‘भविष्य’ असेल, वीस वर्षांनी कोण काय झालेलं असेल याची कल्पना. शेवटच्या पानांवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती असतात. छपाईच्या खर्चाचा मोठा भाग त्यांतून निघे, आणि जाहिराती गोळा करायला मुलंच जात. पुस्तकही मुलांचंच : संपादक, छायाचित्रं पाहणारे, पैसे पाहणारे, आणि वर एक सल्लागार शिक्षक. पुठ्ठ्यांच्या आतल्या कोऱ्या पानांवरचे शाईतले संदेश सगळ्यात मोलाचे, कारण ते फक्त याच प्रतीत आहेत. फाउंटन पेनची शाई ओल लागली की पसरते. त्या पानांचे फोटो आधी काढून ठेवा आणि पुस्तक पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. संदेशांत माणसांची नावं आणि खासगी गोष्टी असतात. त्यांतले कित्येकजण हयात असतील. ती पानं इंटरनेटवर टाकू नयेत.

प्रश्न : आम्ही १९६८ साली मॅट्रिक झालेले ४४ विद्यार्थी. अशाच इयरबुकच्या धर्तीवर आमच्या वर्गाची स्मरणिका काढायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी, किती पानं, काय अडतं? (एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा)

उत्तर : बाई, काम यंदाच घ्या, पुढच्या वर्षावर ढकलू नका. तुमचा वर्ग आता पंच्याहत्तरीच्या आसपास आहे.

सुरुवात फोटोंपासून नको, यादीपासून करा. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख मिळते. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि नोंदी तिथेच बसून उतरवून घ्या. गोवा बोर्ड १९७५ मध्ये आलं. तुमची परीक्षा पुण्याच्या बोर्डाची, त्यामुळे परीक्षेच्या कागदांसाठी पर्वरीच्या बोर्डात खेटे घालू नका.

नावांत घोळ होणार, आणि तो आपल्याकडे ठरावीक जागी होतो. १९६१ आधी ज्यांची जन्मनोंद झाली त्यांची नावं पोर्तुगीज पद्धतीने लिहिलेली असतात. नाईकच्या शेवटी क्यू-यू-ई, शंकरची सुरुवात एक्सने, प्रभूचं पोरोबो, कामतचं कामोतीम. त्यात ‘सिनाय’ (शेणवी) कधी आडनावाआधी लागतं, कधी गळतं. एकच मुलगा रजिस्टरात एका नावाने, दाखल्यावर दुसऱ्या आणि आज आधारकार्डावर तिसऱ्याच नावाने सापडेल. म्हणून तक्त्यात चार रकाने करा : रजिस्टरमधलं नाव, वर्गात हाक मारायचं नाव, आजचं नाव, आणि मुलींसाठी माहेरचं-सासरचं. स्मरणिकेत क्रम लावायचा तो वर्गातल्या नावाने. तेच सगळ्यांना आठवतं.

माहिती गोळा करायला चवथीसारखा, म्हणजे गणेशचतुर्थीसारखा, काळ नाही. मुंबई-पुण्याकडचे, बेळगावचे सगळे त्या चार दिवसांत घरी असतात. प्रत्येकाकडे फॉर्म पाठवण्यापेक्षा दोघांनी जाऊन बसा आणि विचारून लिहून घ्या. फॉर्म परत येत नाहीत. ‘शाळेची आठवण सांगा’ असं विचारलं की सगळे एकच चार वाक्यं सांगतात. नेमकं विचारा. शाळेत कसे येत होता? मांडवीवर तेव्हा पूल नव्हता; पणजीच्या शाळेत जाणारा बार्देशातला मुलगा बेतीहून फेरीबोटीने जाई. चुकलेली फेरी, भिजलेलं दप्तर, उशिराची शिक्षा हे त्या एका प्रश्नातून निघतं. कुठल्या बाकावर, कोणाशेजारी? स्नेहसंमेलनात कुठलं पात्र? पाचवीत असताना, डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा शाळा कुठली होती, पोर्तुगीज प्रायमरी की मराठी? गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा का, या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाला तुम्ही दहावीत. घरी कोण कुठल्या बाजूचं होतं? या शेवटच्या प्रश्नावर अजूनही वाद होतात. छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा मजकूर वाचून दाखवा.

अमेरिकन इयरबुकातून एक गोष्ट जरूर घ्या : नावाखालची ती एक ओळ, कोणत्या वर्षी कशात भाग घेतला ती. ‘कबड्डी ९, १०, नाटक ११, एन. सी. सी. १०, ११’ एवढ्याने माणूस उभा राहतो. ‘सर्वांत यशस्वी होणारा’ असल्या निवडी मात्र नकोत. सतराव्या वर्षी ती गंमत असते. आता कोणाच्या तरी मनाला लागेल. दिवंगत मित्रांचं वेगळं काळ्या चौकटीचं पान करू नका, त्यांना वर्गाच्या क्रमातच त्यांच्या जागी ठेवा.

पानांचा हिशेब सोपा आहे. पानाला चार विद्यार्थी धरले तर अकरा पानं. शिक्षक आणि शिपाई-कारकून, शाळेची इमारत, आठवणी, समूहछायाचित्र मिळून मजकूर ४८ पानांत बसतो. पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवा, कारण ऑफसेट छपाईचा फॉर्म साधारण सोळा पानांचा असतो. ५० पानं केलीत तर दोन पानांसाठी वेगळा खर्च लागेल. शे-दोनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. तिथे चारची पट पुरते. ४८ पानं मध्ये पिन मारून नीट बसतात.

फोटो दोन बाय अडीच इंचांत छापायचा तर निदान ६०० बाय ७५० पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि छापल्यावर चेहरा पसरतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मजकूर तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करणार, प्रेस कदाचित जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेणार. त्या बदलात रफार सरकतो, ‘श्री’, ‘द्ध’, ‘ऱ्या’ तुटतात. म्हणून मूळ फाइल तपासून भागत नाही, प्रेसचं प्रूफ कागदावर मागवा. नावं एकाने मोठ्याने वाचावीत, दुसऱ्याने तक्त्याशी ताडावीत. समूहछायाचित्राखाली ‘बसलेले डावीकडून’ असं लिहिताना ते पाहणाऱ्याच्या डावीकडून की बसलेल्यांच्या, हे आधी ठरवा आणि प्रत्येक रांगेतली डोकी आणि नावं मोजा. एक नाव सुटलं की पुढची सगळी रांग चुकते. चवथीला माहिती, दिवाळीपर्यंत पहिलं प्रूफ, डिसेंबरात पुस्तक असा क्रम जमू शकतो.

प्रश्न : आमच्या वर्गाचं १९६४ चं समूहछायाचित्र फ्रेमच्या काचेला चिकटलं आहे. ओढून काढावं का? (डिचोली)

उत्तर : ओढू नका. फोटोच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. पावसाळ्याच्या दमटपणात तो फुगतो, मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढलात तर चेहरे काचेवर राहतील. पाण्यात बुडवणं आणि केस वाळवायच्या यंत्राने तापवणं हे घरगुती उपाय अजिबात नकोत.

फ्रेमची पाठ उघडा, खिळे आणि पुठ्ठा काढा, काच आणि फोटो एकत्रच ठेवा. मागे नावं लिहिलेली असतील तर आधी ती टिपा. मग काचेसकट प्रत काढा. स्कॅनर सी. सी. डी. जातीचा असेल तर काचेच्या जाडीतूनही चित्र स्पष्ट येतं. पातळ, स्वस्त सी. आय. एस. स्कॅनर तिथे धूसर पडतो. स्कॅन ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) करा आणि टिफ फाइल ठेवा. स्कॅनर नसेल तर काच सपाट ठेवा, कॅमेरा तिपाईवर तिला समांतर धरा, दोन्ही बाजूंनी साधारण ४५ अंशांतून सारखे दिवे, आणि लेन्सपुरतं भोक पाडलेलं काळं कापड कॅमेऱ्यापुढे, म्हणजे काचेत कॅमेऱ्याचं प्रतिबिंब येत नाही. खिडकीजवळ फ्लॅशने काढलेल्या फोटोत मधल्या रांगेवर पांढरा डाग हमखास येतो.

मूळ फोटो काचेसकट सपाट ठेवा, वर वजन नको. भिंतीवर नवी प्रत लावा आणि या वेळी काच आणि कागद यांच्यामध्ये माउंटची पट्टी घाला. बुरशीचे ठिपके दिसत असतील तर पुसू नका; फोटो सपाट डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत कोरड्या जागी ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की ते बदला.